मावतील तेवढ्या काठ्या

प्रिय केंजे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतलाय. अक्षराला हसू नकोस. आठवीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच आहे, पुढे वाढायला त्याला कोणी दिलंच नाही. एसेन उद्या सकाळी गाडी घेऊन बिश्केकला निघेल, त्याच्या हाती हे देते. मागच्या खेपेला त्याच्याच हाती कुरुतची पिशवी दिली होती, ती तशीच परत आली. "काकू, दार किलकिलं केलं आणि नको म्हणाली," एवढंच बोलला बिचारा, आणि माझ्याकडे न बघता गाडीचं टायर बघत उभा राहिला. कुरुत म्हणजे दह्याचे दगडच, वर्षभर ठेवले तरी काही होत नाही त्यांना. पण परत आलेलं कुरुत त्याच दिवशी कडू लागतं गं. टाकवेना म्हणून सगळं मीच खाल्लं. आता दाढ ठणकतेय. तेवढी शिक्षा झाली असं समज, बाकीची तू ठरव.

कागद घेण्याचं आणखी एक कारण आहे. फोनवर मी हसते. अंगावर आलं की मला चेष्टाच सुचते, तुला माहीत आहे. तुझे बाबा म्हणायचे, हिला गाढवानं लाथ मारली तर ही गाढवालाच विचारेल, पायाला लागलं का रे. कागदावर हसू ऐकू जात नाही, ते बरं. इथे मी एकटीच बसलेय, चहा गार झालाय, हसवायला समोर कोणी नाही.

तर आधी घरचं सांगते. बटाटे यंदा बरे आलेत. लाल गाय पुन्हा पाटात पडली होती, शेजाऱ्यांनी दोर लावून काढली, आणि वर आल्यावर तिनं त्यांच्याकडे असं बघितलं की जशी काही पोहायलाच गेली होती. बटाटे काढून झाले की बाबांचं वर्ष. आशच्या जेवणाचा दिवस ठरलाय, ऑक्टोबरचा पहिला शनिवार. त्यासाठी कापायचं घोडं मागे बांधलंय, खाऊन खाऊन माझ्यासारखं झालंय. त्यांचे जुने विद्यार्थी कुठून कुठून येणार म्हणतायत. एवढ्या माणसांत मांस वाटायला कोणाला बसवायचं याची आतापासून भांडणं चालू आहेत. तुझ्या बाबांना बसवलं की काय व्हायचं आठवतं का? कुणाला मांडीचं हाड, कुणाला खांद्याचं, मानाप्रमाणे द्यायचं. आमच्याकडे हे कुणालाही डोळे मिटून येतं. हे आधी माणसं मोजणार. तेरा निघाली की खूश. "तेरा! कशानंच भाग जात नाही!" आणि मी आतून ओरडणार, अहो पण मेंढीला भाग जाऊ द्या की, लोक उपाशी बसलेत! तोवर चरबी थिजलेली असायची. लोक हसत हसत गार मांस खायचे. मास्तरांच्या घरचं मांस गारच असतं, अशी म्हणच पडली होती गावात.

त्यांच्या त्या मोठ्या आकड्याबद्दल तुला काय सांगायचं, तो तुला पाळण्यापासून पाठ. तरी लिहिते, कारण सगळा घोळ त्याचाच आहे, आणि एकदा माझ्या हातानं ओळीनं मांडून बघायचाय.

लग्नाआधीची गोष्ट. मी दूध घालायला शाळेवरून जायचे, हे नवीन मास्तर होऊन आलेले. एक दिवस मला थांबवलं, शाळेच्या भिंतीवर खडूनं दोन उभ्या काठ्या ओढल्या आणि म्हणाले, हा अकरा. ही काठी मी, ही तू. आता याला कशानंच भाग जात नाही. दुसरा कोणी असता तर फूल दिलं असतं! मी म्हटलं, आणि तुमच्या आई? त्यांची काठी कुठाय? त्यांनी काढली तिसरी. एकशे अकरा. बघत राहिले आणि कपाळाला हात लावला. "तिनानं भाग जातो!" मी म्हटलं, बघा, सासू आली की घर फुटलं. ते इतके हसले की टोपी खाली पडली. मी होकार दिला तो त्या पडलेल्या टोपीला.

पण त्यांना नादच लागला. चार काठ्या, अकरानं भाग. पाच काठ्या, एक्केचाळीसनं. सात काठ्यांना दोनशे एकोणचाळीसनं. मी घोडीखाली वाकून दूध काढतेय, हे शिंगराला धरून उभे, आणि मला सांगतायत, काठ्यांच्या रांगेच्या सारख्या जुड्या बांधता आल्या तर आकडा फुटलाच म्हणून समज. जुड्या नाही बांधता आल्या तरी बहुतेक फुटतोच, कुठला तरी भलताच आकडा आत लपून बसलेला निघतो. मग सांग, अकरानंतर न फुटणारी रांग कधी येते? मी म्हणायचे, ही घोडी तुम्हाला लाथ मारेल तेव्हा. "एकोणीस," ते म्हणायचे. "दोन काठ्यांनंतर थेट एकोणीस. मधल्या सगळ्या फुटतात." ते काही त्यांनी स्वतः भागून बघितलं नव्हतं, तेवढं आयुष्य कुणाला असतं? पूर्वी कुणा शहाण्या माणसानं करून ठेवलेलं पुस्तकात वाचलेलं. पण आनंद असा, की एकोणीसचं शिंगरू जसं काही आमच्याच घोडीला झालंय. मी विचारलं होतं एकदा, मग एकच काठी असली तर? तिलाही भाग जात नाही की. ते म्हणाले, नाही, एकटी काठी यात धरत नाहीत. तिची जात वेगळी. तेव्हा काही वाटलं नव्हतं. या वर्षात बऱ्याचदा आठवलं.

पाटाकडेचे पॉपलर त्यांनी त्या नादातच लावले. तू जन्मलीस तेव्हा रांगेत सतरा होते. नारीनच्या दवाखान्यातून तुला घेऊन गाडीतून उतरते, तर हे हातात कुदळ घेऊन उभे. बाळाचं तोंड बघायच्या आधी म्हणाले, "आता होतात!" मी म्हटलं, काय होतात? मला तर वाटलं, अजून पोरं होतात म्हणतायत. त्याच दिवशी दोन रोपं लावली त्यांनी. अठरावं माझं, एकोणिसावं तुझं. "आता भागू दे कुणाला भागायचं ते." मग दर वसंतात तुम्ही बापलेक बुंध्यांना चुना लावत जायचात, आणि तू तुझ्या झाडाला दोनदा लावायचीस. रस्त्यानं कोणी पत्ता विचारला तर लोक सांगायचे, ते काय, पांढऱ्या काठ्यांचं घर.

म्हणून दगडावर तो आकडा घालायचा हे ठरलेलंच होतं. बर्फ वितळल्यावर काल्मातकडे काळा दगड सांगितला. काल्मात बाबांचाच विद्यार्थी, वर्गात मागच्या बाकावर झोपणारा; आता कबरीचे दगड कोरतो, हातात जादू आहे. जोडदगड सांगितला, अर्धा त्यांचा, अर्धा माझा, सगळे सांगतात तसा. आपला अर्धा लोक मोकळा ठेवतात. मला मोकळा बघवेना. मी म्हटलं, माझाही चेहरा आत्ताच कोरून टाक, नाहीतर नंतर केंजे पासपोर्टवरचा फोटो देईल. आणि फोटो दिला तो चाळिशीतला. काल्मात म्हणाला, "काकू, यात तुम्ही केंजेच्या धाकट्या बहीण दिसताय." मी म्हटलं, मेल्यावर तरी गाल वर राहू देत रे. चेहऱ्याखाली गुलाबाची वेल सांगितली. गावातल्या बायका काय काय बोलल्या! जिवंत बाई दगडावर चढून बसली, म्हणे. मला मजा वाटली. दगड तयार झाल्यावर काल्मातच्या अंगणात बघायला गेले तर मी आपली माझेच गाल बघत बसले. मग बाप्यांनी तो नेऊन बसवला. बायकांनी कबरस्तानात जायचं नसतं, त्यामुळे मी रस्त्यावरूनच हात उचलायची आणि लांबून तो काळा चौकोन बघून पुढे जायची.

आता शेजारच्या बुरुलच्या मुलाचं लग्न. त्यातलं तू फोनवर बघितलंस ते एवढंसं होतं. त्याच्या आधीचं सांगते. शेरगाझी, आपला फिजिक्सवाला, बाबांशी तीस वर्षं बुद्धिबळ खेळला आणि तीस वर्षं भांडला, तो सणाला आईच्या कबरीवर गेला होता. तिथे त्यानं बाबांचा दगड बघितला, फोटो काढला आणि बिश्केकच्या भाच्याला पाठवला. लग्नात मांस वाटून झालं, आणि हा पेला घेऊन उभा राहिला. म्हणाला, ओमुरझाक मास्तर, देव त्यांना चांगली जागा देवो, आयुष्यभर आपल्याला सांगत आले की हा आकडा फुटत नाही. माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरनं चहा उकळायच्या आत फोडला. "वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस!" ते त्यानं असं म्हटलं, जसा काही लांडग्याच्या शेपटीला धरून ओढत आणलाय. सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. आता ही काय बोलते. गावाला सवयच आहे ना. आणि मी बोलले. चाळीस वर्षं मला सांगत होते छप्पर गळत नाही, आणि मी खाली बादल्या ठेवत होते. आकडाही तसलाच निघाला म्हणायचा. वरून टणक, आतून पोकळ, गेल्या सालचा अक्रोड. टेबल हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. बुरुलच्या भाचीनं फोन धरलेला होता हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन. कशी आहेस नाही, गाय कशी आहे नाही. "आई, दगडावर काठ्या किती आहेत?" मी म्हटलं, मला काय माहीत, भरपूर आहेत. तू म्हणालीस, "मोज." आणि ठेवलास. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला मला उत्तर देता येतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी बोरसोक तळायला बसले. दर शुक्रवारी तळते, तेलाचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो आणि त्यांना कळतं, घरी आपली आठवण आहे. पीठ मळलं, तेल तापलं, आणि वाटलं, वास घेत ते आले आणि विचारलं, काय म्हणालीस गं लग्नात? तेल उतरवून ठेवलं. पीठ कोंबड्यांना घातलं. त्या दिवसापासून तळलं नाही मी काही. वर्षाच्या आत ज्या घरातून तेलाचा वास यायचा थांबला असं हे गावातलं एकच घर असेल.

शेवटी मोजायला गेले. आत तर जायचं नाही, म्हणून कबरस्तानाच्या मातीच्या भिंतीवर चढले. हो, तुझी आई, या गुडघ्यांसकट. खाली मेंढपाळाचं कुत्रं भुंकत होतं, त्याला म्हटलं, बाबा रे, मीही काही रोज येत नाही इथे. खिशात बाबांच्या खेळातल्या कोरगोलच्या गोट्या नेल्या होत्या. त्या खेळात मी त्यांना कायम हरवायची, आणि म्हणायची, आकड्यांचा मास्तर आणि लेंड्यांएवढ्या गोट्यांत हरतो! एक काठी दिसली की एक गोटी डाव्या खिशातून उजव्या खिशात. सतरा गोट्या गेल्या. मग उलटीकडून मोजलं. सतराच. खाली उतरताना ढोपर सोललं. घरी येताना पाटाच्या कडेनं आले, आणि प्रत्येक पॉपलरवर हात ठेवत मोजले. एकोणीस. तुझ्या झाडाशी बसले मग. तुला मोजायचीही गरज पडली नव्हती ना? बाबा चुकलेले नाहीत एवढं माहीत असलं की पुढचं आपोआप कळतं. चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर राहून मला ते तुझ्याइतकं माहीत नव्हतं.

ढोपराला फडकं बांधलं आणि शेरगाझीकडे गेले. म्हटलं, दादा, भाच्याला एकोणीस काठ्या घालून बघायला सांगा. त्यानं फोन लावला. भाचा म्हणाला, मामा, हा तर फुटत नाही, हा तर प्रसिद्ध आकडा आहे, अकरानंतरचा. शेरगाझी म्हणाला, "वहिनी, मी त्यांच्या कबरीपाशी उभा राहून हसलो होतो." त्यानं फोन पालथा ठेवला. त्यानं विचारलं, पण मग दोन काठ्या गेल्या कुठे? आणि मी, केंजे, मी म्हणाले, काल्मात मोजायला चुकला असेल. मागच्या बाकावरचाच ना तो.

एवढं पुरलं. दोन दिवसांत गावभर. काल्मातकडून दगड घेताना आधी नावातली अक्षरं मोजून घ्या, म्हणे. काल्मात, तुझ्या दगडावर माणूस मेलेल्या सालाच्या आधी जन्मला होता ना रे? वरच्या आळीतल्या एका घरानं सांगितलेला दगड नको म्हणून कळवलं. हे सगळं मी ऐकत होते, आणि एका जागी तर, खोटं कशाला सांगू, मीही दात काढले. मग तो घरी आला. टोपी हातात. मला वाटलं, आता भांडणार, आणि मी तयारीत होते, दोन-तीन वाक्यं जमवून ठेवली होती. तो म्हणाला, "काकू, आशच्या आधी दगड नीट करून देतो. माझ्याकडून राहिलं ते." माझ्याकडे बघितलं पण नाही, मला लाजवायला नको म्हणून. चहा प्याला, वाटी पालथी घातली आणि गेला. ती जमवलेली वाक्यं अजून तोंडात आहेत, कुरुतसारखी.

कारण त्याच्याकडून काहीच राहिलं नव्हतं. त्यानं एकोणीस काठ्या खडूनं आखल्या होत्या, त्यांच्या अर्ध्याच्या कडेपासून मधली चीर ओलांडून माझ्या अर्ध्यापर्यंत, एक रांग. तिची शेपटी माझ्या गुलाबांत येत होती. तो म्हणाला, काकू, गुलाब काढू की काठ्या बारीक करू? बारीक केल्या तर लांबून दिसणार नाहीत. मी म्हटलं, गुलाबाला हात लावायचा नाही. त्यांचा आकडा त्यांच्या अर्ध्यावर राहू दे. मावतील तेवढ्या काठ्या काढ. तो घुटमळला, म्हणाला, "पण मास्तर एकोणीस सांगायचे..." मी म्हटलं, काठ्याच त्या, दोन कमी काय, दोन जास्त काय, मेंढरं का आहेत संध्याकाळी मोजून घ्यायला? मागच्या बाकावरच्या पोराला एकोणीस लक्षात होतं गं. आणि ज्या बाईच्या दारात ते एकोणीस उभे आहेत तिनं म्हटलं, मावतील तेवढ्या.

आता सगळ्यात वाईट लिहिते आणि मग हात धुते. मी तुला वर लिहिलंय की शेरगाझीनं तो वीस लाखांचा आकडा सांगितला आणि मी चेष्टा केली. मध्ये एक गोष्ट गाळली. त्यानं तो सांगितला त्याच क्षणी मला आतून कळलं. मोजलं नव्हतं, पण कळलं, जसं दूध उतू जायच्या आधी पाठमोऱ्या बाईला कळतं. सरळ म्हणता आलं असतं, थांबा हो, ते चुकले नाहीत, मी कापल्यात काठ्या, माझ्या गुलाबांसाठी. एवढ्या बायकांत गुलाबांचं म्हणायची लाज वाटली. म्हणून त्यांना पोकळ म्हटलं. ते काही उठून उत्तर देणार नव्हते. आयुष्यभर त्यांच्या तोंडावर चेष्टा केली, त्याचं काही नाही, ते टोपी पडेपर्यंत हसायचे. ही पहिली, जिच्यावर ते हसले नसते.

तर आता पत्र का लिहिलं ते. आशच्या दिवशी, मांस वाटायच्या आधी, सगळ्यांसमोर उभी राहून मी काल्मातचं नाव घेऊन सांगणार आहे की दोन काठ्या कोणी कापल्या आणि कशासाठी. ठरवलंय. पण मी मला ओळखते. उभी राहीन, तोंड उघडेन, गुलाबांवरून काहीतरी बोलेन, लोक हसतील, काल्मातही हसेल बिचारा, आणि सगळं जिथल्या तिथे राहील. तू समोर बसलेली असलीस की मला चेष्टा जमत नाही. लहानपणापासून तू माझ्याकडे बाबांसारखी बघतेस, न बोलता, खरं उत्तर येईपर्यंत. म्हणून ये. मला माफ करायला येऊ नकोस, ते राहू दे तुझ्याकडे. नुसती समोर बस. आणि गुरुवारीच निघता आलं तर बघ, शुक्रवारी काल्मात हत्यारं घेऊन दगडापाशी जाणार आहे. गुलाब घासून टाकायला सांगितलेत मी त्याला. गाल ठेवलेत, तेवढं चालवून घे. काठ्या आखायला तू आत जा, तू शिकलेली, तुला कोण अडवतंय. मी भिंतीवरून बघते, कुत्र्याची आणि माझी आता ओळख झालीय. खडू तुझ्या हातात, माझ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. सतरा आहेत तशा त्यांच्याकडे, आणि मधली चीर ओलांडून दोन माझ्या अर्ध्यावर. मी तेल तापवून ठेवते, तू गाडीतून उतरलीस की बोरसोक सोडते. काल्मात कुरकुरत होता, म्हणाला, काकू, चिरेमुळे तुमच्याकडच्या दोन वेगळ्याच दिसतील, लोकांना वाटेल तिथे नुसतं अकरा लिहिलंय. मी म्हटलं, वाटू दे.

तुझीच,
पाटाकडेची अठरावी,
आई